सात हालीस सहा कलदार : गुलमंडीतील हिशेब आणि संगणकीय पूर्णांकन

प्रस्तावना : पायथॉन ही संगणकभाषा नव्याने शिकणारा विद्यार्थी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करतो, तेव्हा पडद्यावर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर उमटते. यंत्र चुकले, अशी त्याची समजूत होते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा चलनाच्या इतिहासाच्या आधारे विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. गुलमंडीसारख्या पेठेत हाली सिक्का चाले. सात हालीस सहा कलदार हा दर होता. म्हणजे एक हाली रुपया तेरा आणे, आठ पै आणि वर पैचे चार-सप्तमांश. एवढे लहान नाणेच नव्हते. शेष कोणीतरी सोसणे भाग होते.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. कायद्याने नियम घातला : जवळचा पैसा धरावा, दोन्हीकडे अंतर समान असल्यास खालचा धरावा. त्यानुसार एका आण्यास सहा, तीन आण्यांस एकोणीस, सहा आण्यांस सदतीस पैसे ठरले. आण्याची वस्तू सोळा वेळा सुटी विकली, तर दुकानदाराच्या हाती रुपयाऐवजी शहाण्णव पैसेच येत.

विवेचन : संगणकातही हेच घडते. आयईईई ७५४ (१९८५) या मानकानुसार अपूर्णांक द्विमान पद्धतीत, ५३ अंकस्थानांच्या मर्यादेत साठवला जातो. एक-दशांश त्यात नेमका बसत नाही. लक्षणीय बाब अशी की, रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा मात्र तंतोतंत बसतो. जुना आणा यंत्रास मानवतो. दहा पैसे मानवत नाहीत.

नियमांतही भेद आहे. ३७.५ चे पूर्णांकन पायथॉन सम संख्येकडे, म्हणजे ३८ असे करते; १९५५ च्या नाणे सुधारणा कायद्यानुसार ते ३७ होते. जुन्या वह्यांतील रकमा संगणकावर रूपांतरित करणाऱ्या अभ्यासकाने हा भेद न जाणल्यास त्याची बेरीज मूळ वहीशी जुळणार नाही. पायथॉनमध्ये २००४ पासून उपलब्ध असलेल्या डेसिमल या विभागात कायद्याचा नियम निवडता येतो. हालीचे सप्तमांश मात्र तेथेही बसत नाहीत, त्यांना अपूर्णांकरूपातच ठेवावे लागते.

निष्कर्ष : पूर्णांकनातील फरक हा यंत्राचा दोष नसून एकक आणि मापनपद्धती यांच्यातील विसंगती आहे. शेष टळत नाही. तो कोणाच्या पदरी टाकायचा, हे माणूसच ठरवतो. विद्यार्थ्यास नियमाबरोबर हेही शिकवणे अगत्याचे आहे.