बोट धक्क्याला लागते का?

क्रूझची जाहिरात बघितलीत तर तिच्यात पोहण्याचा तलाव दिसतो, जेवणाचे हॉल दिसतात, रात्रीचे कार्यक्रम दिसतात. पण घरात व्हीलचेअर वापरणारं, कुबड्या घेऊन चालणारं किंवा गुडघे पार गेलेलं कुणी असेल तर पहिला प्रश्न वेगळाच असतो. बोटीत चढायचं कसं आणि उतरायचं कसं? आजचा लेख या एकाच प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या घरांना तो नवा नाही. फक्त एके काळी तो सगळ्यांचा प्रश्न होता, आणि आता काही जणांचाच उरलाय.

कोकणच्या आगबोटींपासून सुरुवात करू. गिरणगावातला कोकणी माणूस शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी निघाला की भाऊच्या धक्क्यावर जायचा. पावसाळ्यात बोटी बंद. बाकीचे महिने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत बोट खाली जायची. मुंबईत ती धक्क्याला लागायची, फळीवरून आत शिरलं की झालं. खरी गंमत उतरताना होती. बऱ्याच बंदरांत पाणी उथळ, त्यामुळे बोट लांब समुद्रात थांबायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलणाऱ्या बोटीतून हलणाऱ्या पडावात उतरायचं, आणि जिथे पडावही वाळूला टेकत नसे, तिथे खलाशाच्या खांद्यावर बसून पाण्यातून किनारा गाठायचा. ट्रंका तशाच, म्हाताऱ्या तशाच, आणि धडधाकट चाकरमानीही कधीकधी तसेच.

आता इथे जरा थांबा. धडधाकट माणसालासुद्धा खांद्यावरून उतरावं लागत होतं, याचा अर्थ काय? त्या किनाऱ्यावर कुणीच 'सक्षम' प्रवासी नव्हता. म्हणून पडाव आणि खलाशी हे प्रवासाचाच भाग होते. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नव्हता, की आपल्या शरीराचं स्पष्टीकरण द्यावं लागत नव्हतं. तो काळ अपंगांसाठी सुखाचा होता असं मी म्हणत नाहीये. हेलकावणाऱ्या पडावात उतरणं जिवावरचं काम होतं, आणि दोन्ही पाय अधू असलेल्या माणसासाठी तर जास्तच. माझा मुद्दा एवढाच आहे: अडचण सगळ्यांची असते तेव्हा तिचा उपाय तिकिटातच येतो. ती थोड्यांची झाली की त्याच उपायाला आपण 'मदत' म्हणायला लागतो.

पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली, बोटी बंद पडल्या. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बहुतेकांचा खांद्यावरचा प्रवास संपला, पण काहींचा संपला नाही. एलिफंटाचंच उदाहरण घ्या. घारापुरीची ही लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे जायला गेटवेच्या ओल्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये चढायचं, पलीकडे उतरायचं आणि मग लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या. ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी डोली. म्हणजे पुन्हा खांदाच.

'मग रॅम्प बांधा की,' असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी थोडं गणित करू. व्हीलचेअरच्या रॅम्पचा साधारण मान्य उतार १:१२ असतो. एक मीटर उंची चढायची तर रॅम्पची लांबी बारा मीटर हवी. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. चार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस मीटर, शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा. तरंगता धक्का केला की बोट आणि धक्का एकाच पातळीवर राहतात, हा मोठा फायदा. पण जमिनीवरून त्या धक्क्यावर नेणारा पूल ओहोटीला तीव्र उतरतो आणि भरतीला जवळजवळ आडवा होतो. त्यामुळे त्याच धक्क्यावर, त्याच व्हीलचेअरवरून सकाळी नऊला सहज जाता येईल, आणि सहा तासांनी परत येताना दोन माणसं धरायला लागतील. बोटीच्या वेळापत्रकाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं आहे ते यामुळे.

कायद्याने या प्रश्नाकडे कसं पाहिलं? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४४ मध्ये रेल्वेचे डबे, बस, जहाजं आणि विमानं अपंगांना सहज चढता येतील अशी करा, असं म्हटलं होतं. जहाजांचा उल्लेख नावानिशी होता. पण त्याच वाक्यात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पळवाटही होती. २०१६ च्या नव्या कायद्याचं कलम ४१ पुष्कळ भक्कम आहे, वाहतुकीची सगळी साधनं त्यात येतात. तरी सुविधा कुठे हव्यात हे सांगताना त्यात बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ अशी नावं आहेत. बंदर किंवा जेट्टी हा शब्द त्या यादीत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रवास म्हटल्यावर समुद्र फारसा नसावा, असा माझा अंदाज आहे.

आणि दार रुंद असलं तरी आत घेणारा माणूस नाही म्हणू शकतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या अ‍ॅडॅप्ट या संस्थेने, म्हणजे १९७२ मध्ये सुरू झालेल्या पूर्वीच्या स्पॅस्टिक्स सोसायटीने, तिथे परिषद ठेवली होती. स्पाइसजेटच्या विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं गेलं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिथे पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. 'हिला प्रवास झेपणार नाही' हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं.

एक उदाहरण मात्र उलट दिशेचं आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तिच्यात मोटारी थेट आत शिरतात, म्हणून धक्क्यापासून बोटीपर्यंत सलग उतार करावाच लागला. जिथून गाडीचं चाक जातं तिथून व्हीलचेअरचंही जातं. तीस वर्षांत अपंगांच्या कायद्याला जे समुद्रावर जमलं नाही, ते मोटारीच्या सोयीने सहज झालं. माझं जुनं म्हणणंच यातून पुन्हा दिसतं. गाडीवाल्याला चढता येत नाही, ही अडचण बोटीवाल्याला स्वतःची वाटली.

आता क्रूझ. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. मुंबईत चढणं त्यामुळे सोपं व्हावं. पण जहाज पुढे जिथे थांबेल तिथलं काय? लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांजवळ मोठी जहाजं आजही लांब उभी राहतात आणि प्रवासी छोट्या बोटीतून उतरतात. जगभर क्रूझवाले हेच करतात, आणि समुद्र खवळलेला असला की व्हीलचेअरवाल्याला जहाजावरच थांबा म्हणतात. इंग्रजीत त्या छोट्या बोटीला टेंडर म्हणतात. आपल्या पणज्यांनी तिला पडाव म्हटलं असतं.

तेव्हा घरातल्या अशा कुणाला घेऊन जायचं ठरवत असाल तर तिकीट काढण्याआधी या गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी मागा. प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं की लांब थांबतं? लांब थांबत असेल तर व्हीलचेअर छोट्या बोटीत कशी उतरवतात? चढायची-उतरायची वेळ भरतीची आहे की ओहोटीची? खोलीच्या आणि बाथरूमच्या दाराची रुंदी किती, आणि उंबरा आहे का? रो-रो असेल तर बसायची जागा कितव्या मजल्यावर, आणि तिथे लिफ्ट आहे का? शिवाय घरापासून धक्क्यापर्यंतचा रस्ता स्वतः एकदा बघून या, कारण चाळीचा जिना आणि स्टेशनचा पूल हेही याच प्रवासात मोडतात.

उत्तर 'आमची माणसं उचलून घेतील' असं आलं, तर किती माणसं, कशावर बसवून, आणि परतताना तीच असतील का, हेही विचारा. उचलून घ्यायचं की नाही हे ज्याला उचलायचं त्याने ठरवायचं असतं. पडावाच्या काळात निवड कुणालाच नव्हती. आज बाकीच्या सगळ्यांना ती मिळाली आहे.