शिसे, भाडे आणि बाल्टिमोरची लेकरे



महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मुक्त झालेल्या माणसांना राहायला घर कुठे आणि कसले मिळाले, हे आपण फारसे विचारत नाही.

बाल्टिमोर शहराने १९१० साली कायदाच केला, की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्या माणसाने राहायला जायचे नाही. १९१७ साली लुईव्हिल शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द ठरवले. पण गावकुसाबाहेर ठेवायची सवय कोर्टाच्या निकालाने सुटते थोडीच! मग खरेदीखतात अटी आल्या. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. ज्याला कर्ज नाही तो पिढ्यान् पिढ्या भाडेकरूच राहतो. जुनी घरे स्वस्तात घेऊन भाड्याने लावणारे गुंतवणूकदार याच व्यवस्थेवर पोसले गेले.

या घरांच्या भिंती-खिडक्यांना शिसे मिसळलेला रंग होता. खिडकी वरखाली केली की रंग घासून त्याची धूळ पडते. रांगते मूल त्याच जमिनीवर हात टेकते, तोच हात तोंडात घालते. शिसे मेंदूवर घाव करते आणि तो घाव भरून येत नाही. बाल्टिमोरने घराच्या आत असा रंग लावायला १९५१ साली बंदी केली, देशभर बंदी यायला १९७८ उजाडले. पण बंदी नव्या रंगाला होती. भिंतीवरचा जुना थर तसाच राहिला.

दुरुस्ती करणारेही तो थर कोरडाच घासत किंवा टॉर्चने जाळून काढत. त्याने विषारी धूळ आणखी पसरे. ‘दुरुस्त’ घरात परतलेल्या मुलाच्या रक्तात कधीकधी आधीपेक्षा जास्त शिसे सापडे.

मग १९९० च्या दशकात केनेडी क्रीगर या नामांकित संस्थेने एक अभ्यास केला. सरकारी पैशातून. भाड्याच्या घरांचे गट पाडले. कुठे १,६५० डॉलरपर्यंत दुरुस्ती, कुठे ३,५००, कुठे सहा-सात हजार. त्या घरांत लहान मुले असलेली कुटुंबे राहावीत असे पाहिले गेले आणि मुलांचे रक्त तपासत राहिले. कोणती स्वस्त दुरुस्ती पुरते, हे मुलांच्या रक्तावरून मोजायचे होते! दोन मुलांच्या वतीने खटले झाले. खालच्या कोर्टाने ते फेटाळले. २००१ साली मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि या अभ्यासाची तुलना टस्कीगीच्या कुप्रसिद्ध प्रयोगाशी केली.

संशोधकांची बाजूही ऐकली पाहिजे. सगळे शिसे काढायचा खर्च घराच्या किमतीहून जास्त, सक्ती केली तर मालक घरे ओस टाकतील, म्हणून स्वस्त उपाय शोधला, असे ते म्हणत. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात मालकाचा नफा हलवायचा नाही हे आधीच ठरलेले आहे. हलणार ते फक्त मुलाच्या रक्तातले शिसे. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा संशोधनाची नीतिमत्ता हा एक धडा होता. परीक्षेपुरता!

दुसरी वाटही होती. आपल्या दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्याच धर्तीवर उभ्या राहिलेल्या ‘यंग लॉर्ड्स’च्या प्वेर्तो रिकन तरुणांनी १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये तपासणीची साधने मिळवायला आरोग्य खात्यात ठिय्या दिला आणि घरोघर जाऊन मुलांची तपासणी केली. भाडेकरूचे मूल त्यांच्या लेखी मोजमापाचे यंत्र नव्हते.

२०१० च्या एप्रिलपासून अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन असे काम करणाऱ्याला प्रशिक्षण आणि परवाना लागतो. भाड्याच्या घराचा मालकही त्यातून सुटत नाही.

आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे. तीही नव्या डब्यातल्या रंगाला. जुन्या चाळी, जुने बंगले घासायला नाक्यावरून जी पोरे नेली जातात, ती आपल्याच वस्तीतली. तोंडाला रुमाल, हातात पॉलिश पेपर, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांवर लेकराला उचलून घेणे. वस्तीतल्या बैठकीत आम्ही त्यांना सांगतो: भिंत ओली करूनच घासा, खाली प्लास्टिक अंथरा, टॉर्च लावू नका, मुलांना तिथे फिरकू देऊ नका, कामाचे कपडे वेगळे धुवा. परवा एकाने विचारले, “भिंत ओली केली तर काम लांबतं, त्या दिवसाची मजुरी कोण देणार?”