कोलंबिया 'टॉप' होते म्हणून बाबासाहेब तिथे गेले का?

परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात निघायची वेळ झाली की आपल्या पोरांमध्ये एकच वाद रंगतो. अमेरिकेतले कोणते विद्यापीठ 'एलिट' आणि कोणते साधे? कोणी म्हणतो, आयव्ही लीगची आठ तेवढीच खरी. कोणी म्हणतो, ज्या यादीत एमआयटी आणि स्टॅनफर्ड नाहीत ती यादी काय कामाची? तिसरा क्यूएसची क्रमवारी उघडून आकडे वाचायला लागतो. शेवटी हुकमाचा पत्ता पडतो : "बाबासाहेब कोलंबियात शिकले. आयव्ही लीग. विषय संपला." मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत हे वाक्य ऐकू येते आणि आमच्या विंचूरलाही ऐकू येते. त्यातला पहिला भाग आपल्या अभिमानाचा आहे. दुसरा भाग मात्र इतिहासाला धरून नाही.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले. 'आयव्ही लीग' नावाची संघटना १९५४ ची, आणि तीसुद्धा खेळांच्या स्पर्धांसाठी केलेली. ईशान्य अमेरिकेतल्या आठ जुन्या, श्रीमंत कॉलेजांनी आपापसात फुटबॉल नि बाकीचे सामने कोणत्या नियमांनी खेळायचे हे ठरवले, त्याचा तो शिक्का. म्हणजे बाबासाहेब कोलंबियात असताना हा शब्द त्यांच्या प्रवेशपत्रावर असण्याची शक्यताच नव्हती. खेळाच्या मैदानावरचे नाव पुढे ज्ञानाचे प्रमाणपत्र होऊन बसले.

मग १९१३ साली मोठे विद्यापीठ कोणाला म्हणत? हा वाद तेव्हा अमेरिकेतच पेटलेला होता. युरोपातली विद्यापीठे अमेरिकन पदव्यांना फारसे मोजत नव्हती. चांगली डॉक्टरेट हवी तर अमेरिकन तरुण जर्मनीला जात. बाबासाहेबांचे गुरू एडविन सेलिग्मन स्वतः जर्मनीत शिकून आलेले. हा कमीपणा घालवण्यासाठी १९०० साली चौदा विद्यापीठांनी एकत्र येऊन अमेरिकन विद्यापीठांचा संघ काढला. त्यात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया होते, तशीच मिशिगन, विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्निया ही सरकारी विद्यापीठेही होती. १९११ मध्ये तिथल्या सरकारी शिक्षण कार्यालयातील केंड्रिक बॅबकॉक नावाच्या अधिकाऱ्याने कॉलेजांची वर्गवारी तयार केली. ती बाहेर फुटताच खालच्या वर्गात पडलेल्यांनी असा गोंधळ घातला की राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ती दाबली आणि पुढे विल्सन यांनीही दाबूनच ठेवली. क्रमवारी हे राजकारण असते, हे त्या देशाला शंभर वर्षांपूर्वीच कळलेले होते.

इकडे इंग्रजांच्या राज्यात खरा मान लंडनच्या पदवीला. म्हणूनच कोलंबियाचा अभ्यास झाल्यावरही बाबासाहेब १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. कोलंबिया हा त्या काळच्या हिंदुस्थानात सर्वांत चमकणारा शिक्का नव्हता. सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ४ जून १९१३ ला करार झाला, त्यात ठरलेले विषय शिकण्याची आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होती. विषय आणि परतफेड, एवढाच हिशेब होता.

आता त्यांनी तिथे काय केले ते पाहा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कोलंबियाच्या नोंदींनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच-जर्मनची तोंडओळख. सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन, अलेक्झांडर गोल्डनवायझर ही माणसे वर्गात समोर होती. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने जातीसंस्थेवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्ने लावण्याच्या बंधनावर, ही मांडणी त्यात पहिल्यांदा आली. हे सगळे ज्या वातावरणात घडले ते महत्त्वाचे आहे : हवा तो वर्ग निवडण्याची मोकळीक, रात्रंदिवस उघडे वाटावे असे ग्रंथालय, आणि प्रश्न विचारल्यावर जात न विचारणारा प्राध्यापक. विद्यापीठ मोजायचे तर याच मापाने मोजा.

आणि शिक्क्याचा उपयोग किती झाला? १९१७ मध्ये तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत होते आणि राहायला खोली मिळत नव्हती. पारशी खानावळीतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाची एम.ए. त्या जमावाला दिसली नाही. ती दिसली असती तरी फरक पडला असता असे मला वाटत नाही.

कोलंबियाची दुसरी बाजूही आपण वाचली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर पदवीच्या वर्गांत ज्यू मुले फार झाली अशी ओरड झाली, तेव्हा अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्या काळात प्रवेशाची पद्धतच बदलण्यात आली. अर्जात धर्म, बापाचे जन्मस्थान अशी माहिती मागायची, 'व्यक्तिमत्त्व' तपासायचे. काही वर्षांतच ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. मुलाखतीत आडनाव विचारून 'मेरिट' ठरवणारे आपल्याकडे काय वेगळे करतात? हार्वर्डनेही १९२२ मध्ये कोट्याचा प्रस्ताव आणला. प्रिन्स्टनचे दार कृष्णवर्णीय मुलांना दुसऱ्या महायुद्धापर्यंत जवळपास बंद होते. कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला १९८३ साली. 'एलिट' हा शब्द ज्या काळात घट्ट झाला, त्याच काळात ही दारे आवळली जात होती. कोणाला आत घेतले यापेक्षा कोणाला बाहेर ठेवले यावर प्रतिष्ठा उभी राहते, हे गणित आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

बाहेर ठेवलेल्यांनी आणि बाहेर पडलेल्यांनी पुढे काय केले, ते तर आणखी वाचण्यासारखे आहे. १९१७ मध्ये युद्धविरोधी मतांवरून कोलंबियाने दोन प्राध्यापकांना काढले, तेव्हा चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ बाबासाहेबांचे शिक्षक रॉबिन्सन बाहेर पडले आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्कातच 'न्यू स्कूल' उभे राहिले. ड्यूईही त्या उभारणीत होते. ज्यूंना मोठ्या विद्यापीठांनी अडवले, म्हणून १९४८ मध्ये ब्रँडाइस निघाले. त्याच ब्रँडाइसने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सगळ्या संकुलांना तेच लागू केले. हे विद्यापीठ कामगारांच्या आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचे. 'एलिट' म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. आयव्ही लीगमधले पहिले, म्हणजे ब्राउन, त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये जागे झाले.

न्यू स्कूल, ब्रँडाइस, कॅलिफोर्निया स्टेट. यातले एकही क्यूएसच्या पहिल्या दोनशेत नाही. आणि आता मुद्द्यावर येतो.

आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते, आणि अलीकडच्या जाहिरातींत अट आहे की विद्यापीठ क्यूएसच्या क्रमवारीत २०० च्या आत पाहिजे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला ही मर्यादा ५०० आहे. म्हणजे ज्या संस्थेने अमेरिकेत आपल्या बाजूने पहिले पाऊल टाकले, तिथे शिकायला शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती चालत नाही. गंमत म्हणजे आयव्ही लीगमधले डार्टमथसुद्धा गेली काही वर्षे दोनशेच्या बाहेर आहे. फक्त पदवी शिक्षण देणारी तिथली अत्यंत मानाची छोटी कॉलेजे, अ‍ॅम्हर्स्ट किंवा विल्यम्ससारखी, या जागतिक यादीत दिसतच नाहीत. एका यादीतला 'एलिट' दुसऱ्या यादीत नापास.

क्यूएसचे गुण कसे पडतात? प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना मत विचारून जवळपास निम्मे गुण ठरतात. ज्याचे नाव आधीच गाजलेले, त्याला मते जास्त. गावात सर्वांत इभ्रतदार घर कोणते हे पाटलाला आणि कुलकर्ण्याला विचारण्यासारखे आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये एका साप्ताहिकाने क्रमवारी सुरू केली तीही कॉलेजांच्या अध्यक्षांची मते विचारूनच. त्याच साप्ताहिकाच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी दाखवून दिले की विद्यापीठाने पुरवलेली आकडेवारी खरी नाही. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्या क्रमांकावर आले आणि पुढच्या वर्षी त्याने पदवीच्या क्रमवारीत भाग घेणेच सोडले. प्राध्यापक तेच, ग्रंथालय तेच, बाबासाहेबांचा पुतळाही जागेवरच. क्रमांक तेवढा सोळा पायऱ्या खाली.

विंचूरचे उदाहरण घेऊ. इथे लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे उपआवार आहे, आजूबाजूची सगळी शिवारे कांद्याची. आपल्या वस्तीतली एखादी मुलगी कृषी पदवी घेऊन म्हणाली की मला कांद्याच्या वाणांवर संशोधन करायचे आहे, तर तिने कुठे जावे? न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटी वर्षानुवर्षे कांद्याचे वाण काढते आहे. क्रमवारीत तिचा पत्ता दोनशेच्या कितीतरी खाली. आयोवा स्टेटचे घ्या. 'एक होता कार्व्हर' आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना वाचले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरला एका कॉलेजने कातडीचा रंग पाहून दारातून परत पाठवले आणि १८९१ मध्ये आयोवाच्या या शेतकी कॉलेजने त्याला घेतले, आपला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेतकरी-कारागिरांच्या मुलांसाठी उभारलेल्या संस्थांपैकी हे एक. (त्या जमिनी तिथल्या आदिवासींकडून हिसकावलेल्या होत्या, तेही विसरू नये.) तेही आज पहिल्या दोनशेत नाही. आपल्या शिष्यवृत्तीवर कार्व्हरला आयोवाला जाता आले नसते.

कोणी म्हणेल, अट काढली तर एजंट लोक कुठल्याही दुकानवजा कॉलेजात पोरांना ढकलतील आणि जनतेचा पैसा बुडेल. ही भीती खोटी नाही. नाशिक-औरंगाबादमध्ये असे एजंट मी पाहिलेले आहेत. चाळणी हवीच. पण संपूर्ण विद्यापीठाचा एक क्रमांक ही चाळणी भरड आहे. विषयवार यादी करता येते, क्यूएस स्वतःच विषयांच्या वेगळ्या क्रमवाऱ्या काढते. विभाग, मार्गदर्शक आणि संशोधनाचा विषय पाहणारी तज्ज्ञांची समिती नेमता येते. त्याला मेहनत लागते, आणि आकडा पाहून अर्ज बाद करायला लागत नाही, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतः हाताळला आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख देते, मग आमच्या मुलांना काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी मागितले : विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना देशात शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख, आणि त्याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी एक लाख. इंग्लंड, युरोप, अमेरिका, वसाहती, कुठेही. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस हे लिहीत होता, आणि त्याने अट घातली ती विषयाची. पुढे स्वतः कॉलेज काढायची वेळ आली तेव्हा मुंबईच्या सिद्धार्थनंतर १९५० मध्ये त्यांनी औरंगाबाद निवडले, जिथे तेव्हा विद्यापीठही नव्हते. विंचूरवरून येवल्याला जाणारा रस्ता पुढे तिथेच पोहोचतो.

आणखी एक अट आहे, ती क्रमांकाच्या वादात झाकली जाते. २०२२ पासून केंद्राच्या शिष्यवृत्तीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले आहेत. कोलंबिया पहिल्या दोनशेत आहे, पाचशेत तर आहेच. पण ९ मे १९१६ चा तो निबंध लिहायला आज एखादा भीमराव निघाला, तर त्याचा अर्ज विद्यापीठाच्या नावावर नाही, विषयाच्या रकान्यावर अडेल. शिष्यवृत्तीच्या हरकती आणि निवेदने लिहिताना दोनशेच्या अटीइतकीच ही अटही पहिल्या पानावर घ्या.