सहा टिंबं आणि केडगाव

1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर व्हायला. ते जमलं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. रमाबाईंची विद्वत्ता आपल्याला माहीत असते, ही गोष्ट सहसा नसते. केडगावला त्यांनी पुढे जे उभारलं ते समजून घेताना ती लक्षात ठेवायला हवी.

1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावात ‘मुक्ती’ उभी राहिली. 1899-1900 साली पुन्हा दुष्काळ पडला आणि तिथली संख्या दीड हजारांच्या वर गेली. या गर्दीत अंध मुलीही होत्या. त्यांना दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा दिली असती, तरी त्या काळात कुणी नावं ठेवली नसती. पण रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने या मुलींना वाचायला शिकवलं. त्यांच्या घराला बायबलमधल्या आंधळ्या बार्तीमयावरून ‘बार्तीमी सदन’ हे नाव मिळालं.

केडगाव एकटं नव्हतं. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी 1880च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली होती. अमृतसरला 1887 साली ॲनी शार्प यांनी अंधांची शाळा सुरू केली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 साली मुंबईत अंध मुलांना शिकवायला घेतलं. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. आपल्याकडच्या विशेष शिक्षणाची सुरुवात बऱ्याच अंशी चर्चच्या आवारात झाली, ती अशी.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ब्रेलपाशी थोडा थांबतो. एका अक्षराला सहा जागा. प्रत्येक जागी टिंब आहे किंवा नाही. म्हणजे 64 शक्यता, आपल्या भाषेत सहा बिट. आमच्या इचलकरंजीत जॅकार्डच्या मागावर नक्षी पंचकार्डाने ठरायची, तेही तसंच : भोक आहे किंवा नाही. पण कोड सगळ्यांचा एक असेल तरच उपयोग. भारतात तेव्हा मिशनऱ्यांनी आपापल्या ब्रेल लिप्या बनवल्या होत्या. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईलच असं नव्हतं. ‘भारती ब्रेल’ हा सामाईक कोड ठरायला 1951 साल उजाडलं. माया भरपूर होती, पण एकमेकांशी बोलून ठरवणं राहून गेलं आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1893 साली पुण्यात शारदा सदनवर वादळ उठलं. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, हा आरोप. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसंही सल्लागार समितीतून बाहेर पडली. वाद कुणाचा खरा, यावर आजही भांडता येईल. पण विशेष मुलांच्या बाबतीत तो प्रश्न जास्त टोकदार होतो. ज्या मुलाला ‘नको’ हा शब्दच बोलता येत नाही, त्याच्यासाठी काही करताना त्याचा नकार ओळखायचा कसा?

आज इचलकरंजीतल्या एखाद्या चर्चला विशेष मुलांसाठी वर्ग सुरू करायचा असेल, तर परिस्थिती 1900ची नाही. 2016च्या कायद्याने 21 प्रकारचं अपंगत्व मान्य केलंय. त्यात स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, बौद्धिक अक्षमता आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे शाळा हा उपकार राहिलेला नाही. चर्चने शाळेची जागा घेऊ नये. शाळा जे देत नाही ते द्यावं : रविवारी दोन तास आईबापांना मोकळा श्वास, यूडीआयडी कार्डासाठी सोबत यायला एक माणूस, मुलाने मध्येच ओरडलं तर मागे वळून न बघणारी मंडळी. आणि साउंड सिस्टीमचा आवाज थोडा कमी. आठवडाभर मागांची खटखट ऐकणाऱ्या स्वमग्न मुलासाठी तीही मोठी गोष्ट आहे. घरचे कुठल्याही धर्माचे असोत, वर्गात काय शिकवणार हे त्यांना आधी स्पष्ट सांगावं आणि त्यांचं ‘नको’ मान्य करावं.

मनोरमा 1921 साली गेली, जेमतेम चाळिशीत. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मुक्ती मात्र आजही चालू आहे. विशेष मुलांच्या प्रत्येक आईबापाला एकच भीती असते : आमच्यामागे याचं काय? वर्ग सुरू करणाऱ्यांनी पहिल्या रविवारी किती मुलं आली हे मोजू नये. आपण गाव सोडून पुण्याला नोकरीला गेलो, तर हा वर्ग कोण घेईल, त्याचं नाव आधी लिहून ठेवावं.