मयसभेचे पाणी

सभापर्वातील दुर्योधनाची फजिती मराठी वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही. तरीही तिच्यातील क्रम एकदा नीट पाहण्यासारखा आहे. मयासुराने चौदा महिने खपून उभारलेल्या त्या सभेत दुर्योधन प्रथम स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो आणि वस्त्रे सावरून घेतो. पुढे खऱ्या पुष्करिणीशी येतो, तेव्हा तिला स्फटिकाची जमीन समजून सवस्त्र पाण्यात पडतो. (द्रौपदी तेव्हा काय म्हणाली याविषयी लोकप्रिय परंपरेने जे सांगितले आहे, त्यातील बरेच तिने स्वतः रचले आहे, पण तो विषय निराळा.) आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मयाने कृत्रिम पाणी केले एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने खरे पाणीही संशयास्पद करून ठेवले. हुबेहूबपणाचा हा दुसरा परिणाम पहिल्याहून भयंकर आहे.

'हुबेहूब' हा शब्द आपल्याकडे उर्दू-फारसीच्या वाटेने, 'हूबहू'तून आला. 'तोच तसाच' असा त्याचा अर्थ. वर्गात कादंबरी शिकवताना आणि नंतर उत्तरपत्रिका तपासताना हा शब्द आमच्या डोळ्यांखालून इतक्या वेळा जातो की, त्याचा अर्थ काय हे विचारण्याचे भान राहत नाही. ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण, झोपडपट्टीचे हुबेहूब चित्रण. चित्रण कोणाच्या डोळ्यांना हुबेहूब, आणि ते डोळे कुठे उभे राहून पाहत आहेत, हा प्रश्न सहसा येत नाही. तो एका भलत्याच कारागिरीच्या संदर्भात आम्हांला स्पष्ट दिसला. ती कारागिरी म्हणजे लहान प्रमाणावरच्या प्रतिकृतीत, ज्याला इंग्रजीच्या वळणाने आपणही डायोरामा म्हणतो त्यात, पाणी दाखवण्याची. डोंगर, घरे, झाडे, आगगाडी हे सर्व लहान करता येते. पाणी करता येत नाही. या एका अडचणीभोवती साडेतीनशे वर्षांचा इतिहास गोळा झाला आहे.

अडचण आधी समजून घेऊ. सामान्य माणसाला वाटेल की, नदी दाखवायची तर पन्हळ करावी आणि तांब्याभर पाणी ओतावे. याहून वास्तव ते काय? पण पाण्याला स्वतःचे असे एक माप आहे आणि ते आपल्या सोयीने बदलत नाही. पृष्ठताणामुळे पाणी काठाशी किंचित वर चढते. या परिणामाची व्याप्ती सुमारे 2.7 मिलिमीटर असते. खऱ्या नदीकाठी तिच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु 1:87 या आगगाडीच्या प्रतिकृतींच्या लोकप्रिय प्रमाणात तिचा अर्थ सुमारे 23 सेंटिमीटर होतो, म्हणजे नदी काठावर वीतभर वर चढून बसलेली दिसते. तसेच लाटांचे. साधारण 1.7 सेंटिमीटरहून आखूड तरंग गुरुत्वाकर्षणाऐवजी पृष्ठताणाच्या हुकमतीत असतात, आणि लहान देखाव्यात फुंकरीने उठणारे तरंग नेमके तेवढेच असतात. म्हणून तिथे समुद्र दिसत नाही, वाटीतले पाणी दिसते. डोळा तत्काळ माप ओळखतो आणि भोवतालची सगळी घरेदारे एका क्षणात खेळणी होऊन जातात.

चित्रपटवाल्यांना हा धडा हौदात जहाजे बुडवताना मिळाला. लहान जहाज खऱ्यासारखे हेलकावे खात नाही, फार चपळपणे डुलते. काळसुद्धा प्रमाणात लहान होतो आणि तो प्रमाणाच्या वर्गमुळाने होतो. जहाज सोळाव्या हिश्श्याचे असेल, तर चित्रण चौपट वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवावे लागते. लाटांची गती त्यामुळे सुधारते. थेंब मात्र थेंबाएवढाच राहतो आणि पडद्यावर नारळाएवढा दिसतो. या वर्गमुळाच्या नियमाला विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचे नाव जोडले जाते. त्याने 1870 च्या दशकाच्या आरंभी टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात मेणाची जहाजे ओढून पाहिली आणि लहान नौकेवरून मोठ्या नौकेला होणाऱ्या विरोधाचा हिशेब बसवला.

तात्पर्य, लहान जगातले सर्वांत खोटे दिसणारे पाणी म्हणजे खरे पाणी. दुर्योधनाची चूक इथे प्रत्येक पाहणारा करतो आणि तिच्यावाचून देखावा उभाच राहत नाही.

या कामाची पहिली मोठी परंपरा सौंदर्यासाठी जन्मली नव्हती. चौदाव्या लुईच्या काळात, 1668 पासून, युद्धमंत्री लूव्हाच्या पुढाकाराने फ्रान्सच्या तटबंद शहरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. लाकूड, कागद, रेशीम, वाळू यांच्या या प्रतिकृती बहुतांशी 1:600 या प्रमाणात असत. पुढे दोनशे वर्षे, 1870 पर्यंत, हे काम चालू राहिले. आरंभी लूव्हरच्या दालनात ठेवलेला हा संग्रह 1777 मध्ये पॅरिसच्याच अँव्हालिदमध्ये हलवला गेला आणि आज तेथे त्याचे संग्रहालय आहे. या प्रतिकृती म्हणजे लष्करी गुपिते होती. बाहेरच्या माणसाला त्या सहजासहजी पाहता येत नसत.

आता या प्रतिकृतींतील पाण्याचा विचार करावा. उत्तरेकडील सपाट प्रदेशात किल्ल्याचा खंदक ओला की कोरडा, कोणती झडप उघडली असता शत्रूच्या वाटेवरची शेते पाण्याखाली जातील, यावर वेढ्याचे भवितव्य ठरत असे. तेथे पाणी हे शस्त्र होते आणि कारागिराला ते शस्त्रासारखेच दाखवायचे होते: कुठपर्यंत पोचते ते अचूक, कसे चमकते ते गौण. म्हणून एक साधा रंगवलेला सपाट पृष्ठभाग पुरे झाला. त्यात मागासलेपण पाहण्याचे कारण नाही. 1:600 च्या प्रतिकृतीवर एक मीटर उंचीवरून वाकून पाहणारा सेनापती प्रत्यक्षात 600 मीटर उंचीवर तरंगत असतो. त्या उंचीवरून कोणाला लाट दिसते? पाखराच्या नजरेला पाणी सपाटच असते. त्या कारागिरांनी आपला प्रेक्षक कुठे उभा आहे, हे ओळखले होते.

प्रेक्षकाला खाली, काठावर उतरवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाची. 'डायोरामा' हा शब्द दागेर आणि बूताँ यांनी 1822 मध्ये पॅरिसला उघडलेल्या प्रयोगगृहाचा. तेथे प्रतिकृती नव्हत्याच. अर्धपारदर्शक कापडावर दोन्ही बाजूंनी रंगवलेली अवाढव्य चित्रे होती आणि प्रकाश पुढून-मागून बदलून त्यांत दिवस मावळवला जाई. स्वित्झर्लंडमधील गोल्डाऊ येथे 1806 मध्ये दरड कोसळली होती. त्या दरीचे चित्र दागेरने 1835 मध्ये असेच 'बदलून' दाखवले. त्याच्याकडे पाणी म्हणजे केवळ प्रकाश होता. 1839 च्या मार्चमध्ये हे प्रयोगगृह जळाले आणि त्याच वर्षी दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली. हुबेहूबपणाच्या इतिहासात इतके सूचक वर्ष दुसरे नसेल. शब्द मात्र जळाला नाही, तो घसरत घसरत काचेमागच्या देखाव्यांना जाऊन चिकटला.

काचेमागचे हे देखावे निसर्गसंग्रहालयांनी वाढवले. कार्ल एकली याने 1890 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे केलेला मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याचा देखावा या प्रकारातील आरंभीचा मानला जातो. त्याने दलदल उभी कापून दाखवली. वर काठ, खाली पाणी, आत बीळ, एकाच नजरेत. पाणी बाजूने दिसू लागले की प्रश्न पालटतो. पृष्ठभाग सोडून खोलीचा विचार करावा लागतो. या दिशेचा कळस न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील अँड्रोस प्रवाळभित्तीच्या देखाव्यात दिसतो. रॉय वॉल्डो मायनर यांच्या नेतृत्वाखाली 1923 मध्ये बहामा बेटांतून सुमारे 40 टन प्रवाळ आणले गेले आणि देखावा पुरा व्हायला 1935 साल उजाडले. देखावा दुमजली आहे. वरून सरोवर आणि आकाश, खालून समुद्राचे अंतरंग. स्वच्छ करताना पांढरी पडलेली प्रवाळे पुन्हा रंगवावी लागली. पाण्याचा एक थेंबही नसताना तो समुद्र आहे असे वाटते ते अंतराच्या हिशेबामुळे. पाण्यात तांबडा रंग सर्वांआधी शोषला जातो, म्हणून जवळचे रंग राखून दूरचे क्रमाने निळ्यात बुडवले की मधली हवा पाणी होते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत बुद्धिमान उपाय आहे, कारण येथे पाणी रंगवलेलेच नाही. पाण्याने इतर वस्तूंचे काय केले, ते रंगवले आहे. (नदीचे एकही विशेषण न वापरता पूर कळवणारा लेखक आणि पानभर पाण्याचे वर्णन करणारा लेखक यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडावे.)

हौशी माणसांपर्यंत हे तंत्र पोचले ते निराळ्या वाटेने. आधी प्लास्टरवर रंग व त्यावर व्हार्निशचे थर होते, किंवा रंगवलेल्या तळावर काच होती. बाटलीतल्या जहाजाखाली निळी लांबी भरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतून घट्ट होणारी राळ, म्हणजे आधी पॉलिएस्टर आणि मग इपॉक्सी, मिळू लागली आणि खरी खोली हाती आली. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य ठरल्या प्रमाणात मिसळायचे, एकदम न ओतता पातळ थरांनी चढवायचे, कारण जाड थर घट्ट होताना तापतो आणि तडकतो. बुडबुडे उष्णतेने वर आणून फोडायचे. पण अनुभवी कारागीर म्हणतात की, निम्मे काम राळ ओतण्याआधीच होते: तळ रंगवताना. काठाशी वाळूचा पिवळा, मग हिरवट तपकिरी, मध्यभागी जवळजवळ काळा. येथेही एक गंमत आहे. पाण्यातून पाहिले असता तळ खऱ्या खोलीच्या पाऊण खोलीवर दिसतो. राळ प्रकाश अधिक वाकवते, त्यामुळे तिच्यातून तो आणखी वर, सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. त्यामुळे डोह डोहासारखा दिसावा म्हणून तळ वाजवीपेक्षा काळा करावा लागतो. एका असत्याची भरपाई दुसऱ्याने.

नवशिक्याची खूण म्हणजे निळा रंग. पाणी निळे, हे आपण पाहिलेले नसते, वाचलेले असते. अगदी सरळ वरून पाहिले तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फेकते आणि तळ दिसतो. नजर जसजशी पृष्ठभागाला समांतर होते, तसतसे ते आरसा होत जाते आणि आकाश दिसते. टेबलावरच्या 1:87 च्या देखाव्याकडे 30 सेंटिमीटर उंचीवरून पाहणारा माणूस 26 मीटर उंच गच्चीवर उभा असल्यासारखा असतो. त्याला खालच्या नदीत बहुधा गढूळ हिरवे-तपकिरीच दिसणार. निळा रंग तेथे पाण्याचे वर्णन करत नाही, केवळ नाव सांगतो.

या सर्वांच्या उलट टोकाला अशा प्रतिकृती आहेत, जेथे पाणी खरेच वाहते आणि दिसण्याची पर्वा कोणी करत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान केंद्र आहे. त्याचा आरंभ 1916 मध्ये मुंबई इलाख्यात झाला. तेथे नद्या, बंदरे आणि धरणांच्या प्रतिकृतींत पाणी सोडून त्याचे वागणे अभ्यासतात. अशा कामात उथळ जलाशय सरळ प्रमाणात लहान केला तर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो, म्हणून खोली मुद्दाम फुगवावी लागते. कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी 1957 मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराची प्रतिकृती बांधली. तिच्यात लांबी-रुंदी 1:1000, तर खोली 1:100 आहे. म्हणजे टेकड्या आणि खाड्या दहापट उंच-खोल, निव्वळ व्यंगचित्र. आणि तरीही भरती-ओहोटीचा 24 तास 50 मिनिटांचा फेरा तिथे 14.9 मिनिटांत इमानाने पुरा होतो. जॉन रेबर या गृहस्थांची त्या उपसागरात बांध घालून गोड्या पाण्याची सरोवरे करण्याची योजना होती आणि तिला मोठा पाठिंबा होता. ती कागदावर सुंदर दिसे. या बेढब प्रतिकृतीतील पाण्याने ती चालणार नाही असे दाखवले आणि योजना मागे पडली. सुंदर नकाशापेक्षा व्यंगचित्र खरे निघाले, ही गोष्ट 'वास्तववाद' या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहिताना आम्हांला अडवते.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ले होतात. तेथे हा सारा इतिहास मुले दरवर्षी चार दिवसांत उरकतात. पहिल्या दिवशी तळ्यात खरे पाणी. ते माती पिऊन टाकते. दुसऱ्या दिवशी मातीत वाटी पुरली जाते. तिचा काठ दिसतो. मग कोणीतरी फुटक्या आरशाचा तुकडा आणतो, त्याच्या कडा मातीने आणि अळिवाच्या कोवळ्या हिरवळीने झाकतो आणि वर मावळा उभा करतो. डोंगरी किल्ल्याचे तेवढ्यावर भागते. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा करणाऱ्यांची पंचाईत होते, कारण त्यांना सगळीकडून समुद्र हवा असतो आणि एवढा आरसा घरात कोणी देत नाही. ती मुले निळी रांगोळी अंथरतात आणि तिच्यावर पांढऱ्या रांगोळीने, चिमटीतून, लाटांच्या रेघा सोडतात. येणारेजाणारे चपला काढून, वाकून पाहतात आणि तटाच्या बाहेर पाय पडू नये म्हणून जपतात.