शहरातील झाड कोणाचे?

रस्त्याच्या कडेला उभे असलेले झाड कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न ते झाड तोडले जाईपर्यंत सहसा कोणास पडत नाही. रानातले झाड रानाचे, परसातले घरधन्याचे, देवळापुढचे देवाचे. परंतु शहरातील फरसबंद वाटेवर जे झाड उभे असते त्यास ना धनी ना वाली. त्याच्या सावलीस सर्वजण थांबतात, पाणी मात्र कोणीच घालीत नाही. न्यूयॉर्कसारख्या अवाढव्य शहरात या प्रश्नाचा निकाल लावण्याचा यत्न दोन निरनिराळ्या काळी दोन अगदी निरनिराळ्या माणसांनी केला. एक होते नामांकित शल्यवैद्य. दुसरी ब्रुकलिन विभागातील एका गल्लीत राहणारी, साठी उलटलेली कृष्णवर्णीय स्त्री. लढायांच्या आणि तहांच्या इतिहासात अशांना जागा मिळत नाही. तथापि शहरवासी माणसाच्या सुखदुःखाशी त्यांचा संबंध पुष्कळ सेनापतींहून अधिक निकटचा आहे असे आम्हांस वाटते, म्हणून त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

डॉक्टर स्टीफन स्मिथ यांचा जन्म १८२३ सालचा. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, एका विशिष्ट चाळीतूनच ज्वराचे शंभरावर रोगी आपल्याकडे आले आहेत. ते स्वतः ती चाळ पाहावयास गेले. तळघरात घाण साचलेली, दारेखिडक्या मोडलेल्या, आणि मालक दूर सुखवस्तू मोहल्ल्यात नांदत असलेला! मालकास जाब विचारावा तर तसा कायदाच नव्हता. तेव्हा स्मिथ यांनी 'इव्हिनिंग पोस्ट' पत्राचे संपादक व कवी ब्रायंट यांची मदत घेतली. नाव छापून येईल या धाकाने मालक ताळ्यावर आला व चाळ दुरुस्त झाली. या प्रसंगाने डॉक्टरांचा पिंड घडविला असे म्हणावयास हरकत नाही. रोगाचे मूळ घरात असते, आणि घर सुधारावयाचे तर कायदा हाती असावा लागतो, ही खूणगाठ त्यांनी बांधली. तरुण डॉक्टरांकडून शहराची घरोघर पाहणी करविण्यात त्यांनी पुढाकार घेतला, १८६५ साली तिचा वृत्तांत राज्याच्या विधिमंडळापुढे साक्षीत मांडला, आणि पुढच्याच वर्षी आरोग्यमंडळाचा कायदा पसार झाला. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन या संस्थेचे १८७२ साली तेच संस्थापक व पहिले अध्यक्ष झाले.

झाडांकडे ते वळले ते या मार्गाने. सौंदर्याची हौस हे त्याचे कारण नव्हे. मृत्यूचे आकडे हे कारण. उन्हाळ्यात पारा चढला की शहरातील मृत्यू वाढतात, आणि त्यांतही तान्ह्या मुलांचे अधिक, हे त्यांना आरोग्यमंडळाच्या नोंदींवरून दिसत होते. दगड, विटा व फरशी दिवसभर तापतात आणि रात्रभर ती आच घरात सोडीत राहतात. पानांच्या छायेने व त्यांतून उडून जाणाऱ्या ओलाव्याने हवा निवते. तेव्हा रस्तोरस्ती झाडे लावणे हा औषधोपचारच होय, असा त्यांचा सिद्धान्त. १८७० नंतरच्या वर्षांत त्यांनी तो मांडावयास प्रारंभ केला. त्याची दखल घेणारे फारसे कोणी निघाले नाही. १८९६ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कवर उष्णतेची अशी लाट आली की सुमारे दहा दिवसांत जवळजवळ १३०० माणसे दगावली. दगावलेल्यांत मोलमजुरी करणारे व दाटीच्या चाळींत राहणारे अधिक. दुसऱ्याच वर्षी, १८९७ साली, ट्री प्लँटिंग असोसिएशन ही संस्था उभी राहिली व डॉक्टर स्मिथ तिच्या अग्रभागी आले. १८९९ साली 'पॉप्युलर सायन्स मंथली' या मासिकात त्यांनी आपले म्हणणे सविस्तर लिहिले. १९०२ साली रस्त्यांवरील झाडे शहराच्या उद्यानखात्याच्या ताब्यात आली, म्हणजे पहिल्या प्रतिपादनानंतर सुमारे तीस वर्षांनी. डॉक्टरांची चिकाटी अशी, की त्यांना आयुष्यही तसेच लाभले. १९२२ साली ते वारले तेव्हा शंभरी पुरी होण्यास केवळ सहा महिने उरले होते.

स्मिथ यांच्या कार्याविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. तरी त्यांच्या योजनेत एक उणीव होती, ती सांगितली पाहिजे. संस्थेचे मुख्य आवाहन घरमालकांस असे: आपापल्या दारापुढे झाड लावा. ज्या रस्त्यावर मालक स्वतःच्या घरात राहतो तेथे हे ठीक. परंतु ज्या चाळीतल्या मुलांसाठी डॉक्टरांचा जीव तुटत होता, तेथला मालक दुसरीकडे राहणारा आणि भाडेकरू आज येथे तर उद्या तेथे. तेथे दारापुढचे झाड कोणी लावावे? उरले उद्यानखाते. सरकारी खात्याकडे नकाशा असतो, नोंदवही असते, अंदाजपत्रक असते. पण संध्याकाळी बादलीभर पाणी घेऊन झाडाशी येणारा माणूस त्यात कोठेच असत नाही. आपल्या गावातला वड शेकडो वर्षे टिकतो तो कोणत्या ठरावामुळे नव्हे. त्यास पार असतो, पारावर माणसे बसतात, आणि फांदीस कुऱ्हाड लागली तर चार जण उठून विचारतात. न्यूयॉर्कच्या झाडांस कायदा मिळाला, पार मिळाला नाही.

तो त्यांना ज्या ठिकाणी मिळाला त्या ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायवेसंट या वस्तीकडे आता वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तपकिरी दगडाच्या सुबक घरांनी हा भाग सजला. पुढे दक्षिणेकडून व हार्लेममधून कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येऊ लागली, आणि १९३० नंतरच्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्जमंडळाने शहरांचे जे नकाशे केले त्यांत ही वस्ती तांबड्या रंगाने रंगविली गेली. तांबडा रंग म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. घरास कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणजे पडझड. आणि पडझड झाली की नकाशा करणारे म्हणावयास मोकळे, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? एखाद्यास मारून मग रोगी ठरविण्याचा हा प्रकार आहे. १९६४ च्या जुलैत पोलिसाच्या गोळीने एक पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला, तेव्हा हार्लेमपाठोपाठ याही वस्तीत दंगल पेटली.

याच सुमारास व्हर्नन ॲव्हेन्यूवर राहणाऱ्या हॅटी कार्थन या बाईंनी आपल्या गल्लीकडे पाहिले, तो एकेकाळी दुतर्फा असलेल्या झाडांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलेली. बाई मूळच्या व्हर्जिनियातील पोर्ट्‌समथच्या. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जन्मलेल्या, म्हणजे या वेळी साठी ओलांडलेल्या. हाताशी द्रव्य नाही, मोठ्यांची ओळख नाही. त्यांनी शेजाऱ्यांना एकत्र करून गल्लीचे मंडळ काढले आणि रस्त्यावर मेजवानी करून, भाजलेले मांस विकून, चार झाडांपुरते पैसे उभे केले. चार झाडे ही इतिहासाच्या दृष्टीने केवढीशी गोष्ट! परंतु बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी महापौर जॉन लिंडसे यांना मेजवानीचे निमंत्रण धाडले, आणि महापौर खरोखरीच आले. त्यातून पुढे असा करार निघाला की, गल्लीच्या मंडळाने चार झाडे विकत घ्यावी म्हणजे शहर सहा देईल.

या चारास सहाच्या करारात आम्हांस मोठे मर्म दिसते. शहराने दहाही झाडे फुकट दिली असती तर ती पुन्हा खात्याची झाली असती. कोंबडी भाजून, नाणी मोजून आणलेले झाड वाळू लागले तर ज्याने पैसा दिला तो स्वस्थ बसत नाही. १९६६ साली बाईंनी वस्तीच्या सुशोभनाची समिती स्थापन केली. एकेक गल्लीचे मंडळ तिला येऊन मिळत गेले, आणि वस्तीत १५०० हून अधिक झाडे लागली. गिंको, सिकॅमोर, हनी लोकस्ट अशी धूर व धूळ सोसणारी जात त्यांत होती.

लावणे हे काम त्यातल्या त्यात सोपे. फरशीत कापलेल्या हातभर चौकोनात रोप उभे राहते. खाली माती दगडासारखी घट्ट, हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ मुळाशी जाते, कुत्री बुंध्याशी येतात, गाड्या साल खरवडतात. न्यूयॉर्कचे उद्यानखातेच आज सांगते की, नव्या झाडास उन्हाळ्यात दर आठवड्यास १५ ते २० गॅलन पाणी हवे. एवढे पाणी वाहून आणणार कोण? शिवाय पोरे झाडे मोडतात ही तर सर्व शहरांची तक्रार. कार्थनबाईंनी दोन्ही अडचणींस एकच उत्तर शोधले. १९७१ साली त्यांनी वस्तीतील मुलांचे वृक्षपथक उभारले. झाड ओळखावे कसे, माती भुसभुशीत कशी करावी, फांदी कोठे छाटावी, पाणी केव्हा द्यावे हे मुलांना शिकविले, आणि या कामाबद्दल त्यांना थोडा मेहनतानाही दिला. पैशाची ही गोष्ट काही सज्जनांस खटकेल. समाजकार्यास मोल कसले, असे ते विचारतील. आम्ही म्हणतो, ज्या घरात पैशाची चणचण आहे तेथील मुलास त्याच्या श्रमाचे दाम मिळणे हेही शिक्षणच आहे. फुकट सेवेचा उपदेश बहुधा भरल्या पोटाचे लोक करतात.

इतक्यात दुसरा एक प्रसंग ओढवला होता. लाफायेट ॲव्हेन्यूवर एक मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा उभा होता. हा वृक्ष आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातला. पाने तुकतुकीत व बारमाही हिरवी, फुले शुभ्र, ओंजळीएवढी आणि सुगंधी. तो मूळ दक्षिणेच्या उबदार हवेतला. १८८५ च्या सुमारास विल्यम लेम्केन नावाच्या गृहस्थाने उत्तर कॅरोलिनातून त्याचे रोप आणून आपल्या घरापुढे लावले होते. न्यूयॉर्कच्या थंडीत तो तग धरून राहिला, याचे कारण पाठीशी असलेली दगडी घरे. ती वारा अडवीत व ऊब देत. आता ती घरे पाडून नवी वस्ती उठविण्याचा बेत ठरला, म्हणजे झाड न तोडताही मेले असते. बाईंनी मोहीम उघडली. शेजाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी वर्गणी जमविली, वारा अडविण्यासाठी भिंत बांधविली, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये शहराच्या स्मारकमंडळाने या वृक्षास ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. हे मंडळ इमारतींस मान देणारे. त्याच्या इतिहासात हा मान मिळालेली झाडे दोनच. दुसरे झाड फ्लशिंग येथील वीपिंग बीच, ते १९९८ साली आपले आयुष्य संपवून मेले. दक्षिणेकडून आलेले झाड उत्तरेच्या थंडीत शेजाऱ्यांच्या उबेवर जगते, यात दक्षिणेकडूनच आलेल्या त्या वस्तीतील माणसांस आपली कथा दिसली नसेल असे म्हणवत नाही.

झाडाच्या मागची तीन घरे वाचली, आणि १९७२ साली स्थापन झालेल्या मॅग्नोलिया ट्री अर्थ सेंटर या संस्थेचे ती ठिकाण झाली. १९७७ साली त्या घरांनाही स्मारकाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात, १९७५ साली, न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. नोकरवर्ग घटविण्यात आला, त्याची झळ उद्यानखात्यासही बसली. डॉक्टर स्मिथ यांनी ज्या खात्याच्या हाती झाडे सोपविली ते खाते असे दुबळे झाले, तेव्हा व्हर्नन ॲव्हेन्यूवरील पोरांच्या हातच्या बादल्या मोलाच्या ठरल्या. कार्थनबाई १९८४ साली वारल्या. लाफायेट ॲव्हेन्यूवर त्यांच्या नावाची बाग आहे.

२०२० साली अमेरिकेतील १०८ शहरांच्या उष्णतेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, पूर्वी ज्या वस्त्या तांबड्या रंगात होत्या त्या आजही इतर वस्त्यांहून सरासरीने सुमारे २.६ अंश सेल्सियस अधिक तापतात. स्मिथ यांनी चाळीत जे पाहिले होते तेच पुन्हा नकाशावर उमटलेले. न्यूयॉर्क शहराने २००७ ते २०१५ या काळात न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या लोकसंस्थेच्या सहकार्याने दहा लक्ष झाडे लावली. २०१५ च्या गणनेत रस्त्यांवरील झाडे ६ लक्ष ६६ हजारांच्या घरात भरली. ती मोजावयास पगारी नोकरांबरोबर दोन हजारांवर स्वयंसेवक हातात फीत घेऊन गल्लोगल्ली हिंडले. १९७१ साली वृक्षपथकात शिरलेली मुले त्या वर्षी पन्नाशी ओलांडलेली होती.