डांसांच्या अंड्यांवरील नक्षी

१८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलीस डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले, आणि पुढच्याच वर्षीं इटलींत ग्रास्सी व त्यांचे सहकारी यांनीं मानवी हिंवताप हाच डांस पसरवितो असें सिद्ध केलें. कोडें सुटलेंसें वाटलें. पण युरोपांतच एक अडचण उभी राहिली. तेथील मुख्य वाहक ‘मॅक्युलिपेनिस’ हा डांस कित्येक प्रांतांत गोठ्यागोठ्यांतून दाटलेला असे, आणि तरी त्या गांवीं हिंवतापाचें नांव नसे. डांस तोच, माणसेंहि तशींच. मग ताप कां नाहीं? कोणी गुरांकडे बोट दाखविलें, कोणी लोकांच्या सुबत्तेकडे; फ्रान्समधील रूबो यांनीं तर डांसांच्या मुखांतील सूक्ष्म दांतेहि मोजले! दलदली हटविण्यावर अमाप पैसा खर्ची पडत असल्यामुळें हा वाद केवळ पंडितांचा नव्हता.

उत्तराचा धागा सांपडला तो डोमेनिको फाल्लेरोनी या सेवानिवृत्त इटालियन आरोग्य-निरीक्षकास. डांसांचीं शरीरें पाहतां भेद दिसेना. अंडीं मात्र कांहींचीं करडीं, तर कांहींचीं काळसर पट्ट्यांचीं. एका मादीनें कितीहि वेळां अंडीं घातलीं तरी नक्षी बदलत नसे, आणि तीच नक्षी तिच्या लेकींच्या अंड्यांवर उतरे. अर्थात् हा रंग हवापाण्याचा परिणाम नव्हे, तें कुळाचें लेणें होतें. हें त्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलें. अशी निवांत चिकाटी पुष्कळ विद्वानांस लाभत नाहीं. पण विद्वानांनीं कांहीं वर्षें तिकडे फारसें लक्षहि दिलें नाहीं.

पुढें हॅकेट व मिस्सिरोली यांनीं तो धागा उचलला, आणि १९३५ पर्यंत चित्र स्पष्ट झालें. एकाच नांवाखालीं निरनिराळे डांस नांदत होते. पट्टेदार अंड्यांचा ‘मेसेई’ हा मुख्यतः गुरांच्या रक्तावर जगणारा. करड्या अंड्यांचा ‘लाब्रँकिई’ समुद्रकांठच्या मचूळ पाण्यांतहि वाढणारा व माणसांना आवर्जून चावणारा. इटलीच्या किनाऱ्यावर ताप होता तो या दुसऱ्याचा. हॉलंडांत ‘मेसेई’चा तेथील ‘अ‍ॅट्रोपार्व्हस’शीं संकर करून पाहिला, तों संतति मरे किंवा वांझ निपजे.

भारतांतहि हीच रीत उपयोगी पडली. १९३७ सालीं स्वीट व राव यांनीं ‘स्टीफेन्साय’ डांसाचे अंड्यांवरूनच दोन प्रकार पाडले. मुंबईच्या विहिरींतून व टाक्यांतून वाढून ताप पसरविणारा तो एक. खेड्यांतला ‘मायसोरेन्सिस’ त्या मानानें निरुपद्रवी.